रविवारचं भाषण

सुरतेतल्या उधन्याच्या बसथांब्यावर, तिकिटाच्या संथ रांगेत, माझ्या पुढे दोघी उभ्या होत्या. थोरलीच्या खांद्यावरच्या पिशवीवर तरुण मतदारांसाठी काम करणाऱ्या संस्थेचं नाव छापलेलं होतं.

“कविता, मतदारनोंदणीचा फॉर्म भरलास? उद्या शेवटची तारीख आहे.”

“नाही, रजनीताई. पत्त्याचा पुरावाच नाही. खोलीमालक भाडेकरार करून देत नाहीत.”

“आणि तू गप्प बसलीस? चार वर्षं शिबिरांत मी काय शिकवते तुम्हाला?”

“विचारलं ना, ताई. खोल्यांचा मुकादम म्हणाला, शेठचा हुकूम आहे. कागद पायजे तर खोली सोडा.”

“असल्या माणसांना चारचौघांत उघडं पाडायला हवं. त्या शेठचं नाव सांग, आत्ता फोन लावते.”

“राहू द्या ना.”

“घाबरतेस काय? तुमची संस्थाप्रमुख उभी आहे इथं. सांग नाव.”

“तुमचेच मिस्टर, ताई.”

रांग पुढे सरकली. त्या दोघी सरकल्या नाहीत.

“आगळ चालो ने, बेन!” मागून कुणीतरी ओरडलं.

“ताई, रविवारी ‘माझं मत, माझा हक्क’वर मीच बोलायचंय ना? सगळं पाठ केलंय मी.”

“रविवारी सायली बोलेल. तू चहापाण्याचं बघ.”