देवाच्या तोंडात हात

...आणि वर मलाच विचारतात, "अहल्ये, तुला घाई कसली एवढी?" घाई? कुत्र्याचा डावा गाल लिंबाएवढा फुगलेला, त्याच्या वरचा डोळा मिटत आलेला, ते बिचारं पायरीवर हनुवटी टेकून पडलेलं, घरातली मोठी माणसं त्याच्याभोवती पाट मांडून मसलत करतायत, आणि घाई म्हणे मला! तुम्हाला सांगते, सल्ले सगळ्यांनी दिले, पण तोंड उघडून कोणी बघितलं का? नाही.

तुम्ही मंडळी पुण्याहून इकडच्या कारखान्यांत नोकरीला आलेली, तुम्हाला वाटेल कुत्रं ते कुत्रं, त्यात काय. आमच्याकडे तसं नाही. आम्ही बेंगळुरात तीनशे वर्षांपासूनचे. शहाजीराजांबरोबर आलो असं आमचे अण्णा सांगतात, आणि अशा थाटात सांगतात की घोड्यांवरचं सामान जणू यांनीच उतरवून घेतलं. अण्णा म्हणजे खंडोजीराव, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांच्यासमोर माझे वडील अजून खुर्चीवर बसत नाहीत. विमानाच्या कारखान्यात शंभर माणसांवर हुकूम चालवतात, आणि घरी आले की भिंतीला टेकून उभे.

तर आमचं कुलदैवत खंडोबा, खंडोबाबरोबर कुत्रं असतं, म्हणून घरातलं कुत्रं देवाचं. नाव टायगर. दंडातला, म्हणजे लष्करी छावणीतला, एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा बाबांनी त्याच्याकडून आणलं. अण्णांनी त्याच दिवशी बारसं केलं, वाघोजी. कुत्रं दोन्ही नावांना ओ देत नाही, फक्त रविवारी मटणाच्या पातेल्याचं झाकण वाजलं की येतं. कारण रविवारी पहिलं ताट त्याचं. त्यानं तोंड लावल्याशिवाय घरात कोणी घास घ्यायचा नाही, आणि जे त्याच्या ताटात तेच आमच्या ताटात, देवाला एक न् घरच्यांना एक असा भेदभाव चालायचा नाही. इथवरही ठीक. पण ज्या तोंडानं नैवेद्य जातो त्या तोंडात माणसानं हात घालायचा नाही, हाही नियमच. कोणी केला? पूर्वजांनी. का केला? चावत असेल त्यांचं कुत्रं, दुसरं काय.

आता मला सांगा, गाल सुजला तर माणूस आधी कुठे बघेल? मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, विषय प्राणिशास्त्र, कुत्र्याच्या कवटीचं चित्र काढून काढून माझी बोटं दुखली. मी म्हटलं, अण्णा, दात असेल. अण्णा हसले. "दात गालात असतात का गं? तोंडात असतात." झालं. मग म्हणाले, "तुला अक्कलदाढ आली का? नाही ना? मग बस."

पहिल्यांदा गाल सुजला तेव्हा अक्का पुढे आल्या. अक्का म्हणजे माझी आत्या, सकवारबाई, नवरा गेल्यापासून आमच्याकडेच. त्या म्हणाल्या, "अय्यो, दृष्ट गं ही. शेजारची चंद्राबाई परवा म्हणाली ना, किती छान कुत्रं म्हणून? स्वल्प मिरच्या आण." मिरच्या ओवाळल्या, चुलीत टाकल्या, सगळं घर खोकलं, कुत्रंसुद्धा. दोन दिवसांनी डोळ्याखाली गळू फुटलं, पू वाहिला, सूज उतरली. बघा, अक्का म्हणाल्या, उतरली का नाही? महिन्याभरात परत चढली. मग अण्णांची पाळी. गांधीलमाशी म्हणे. एकच गांधीलमाशी, त्याच गालावर, दर महिन्याला वर्गणी मागायला आल्यासारखी येते का? पण नाही, रक्तचंदन उगाळलं, लेप लावला, कुत्रं चार दिवस यक्षगानातल्या राक्षसासारखं लाल तोंड घेऊन हिंडलं. परत फुटलं, परत उतरलं. आता अण्णा आणि अक्का यांच्यात भांडण, कुणाच्या औषधानं उतरलं म्हणून. तासन्‌तास. पण तोंड उघडून कोणी बघितलं का? नाही.

तिसऱ्यांदा आली ती सूज निराळीच. डोळा जवळजवळ बंद. गालाला हात लावू देईना, पाणी प्यायला तेही एका बाजूनं, मान तिरकी करून. अण्णांनी जाहीर केलं, "रविवारी जेवणं झाली की डाग देऊ." डाग म्हणजे काय माहीत आहे ना? विळा चुलीत लालभडक करायचा आणि टेकवायचा. कुठे, तर गालावर. डोळ्याच्या खाली बोटभर. मी बाबांकडे बघितलं, बाबांनी छताकडे. मी म्हटलं, अण्णा, हात हलला तर डोळा जाईल त्याचा. अण्णा म्हणाले, "माझा हात हलत नाही." आणि हे बोलताना, तुम्हाला सांगते, त्यांच्या हातातली कॉफी बशीत सांडत होती.

आला रविवार. मटण शिजलं. वाघोजीचं ताट वाढलं. आणि आता ती नळीची गंमत सांगायलाच हवी. मटणातली सगळ्यात मोठी नळी हा अण्णांचा मान. पण अण्णांच्या तोंडात दात उरलेत दोन, एक वर उजवीकडे, एक खाली डावीकडे, जन्मात त्यांची भेट होणार नाही. नळी फोडणार कशी? पण तसं कबूल करतील तर ते खंडोजीराव कसले. म्हणून गेली काही वर्षं ते नळी उचलतात, कपाळाला लावतात, "माझा मान देवाला" म्हणतात आणि वाघोजीच्या ताटात ठेवतात. अक्कांच्या डोळ्यांत पाणी. आणि वाघोजी ती डाव्या दाढेत धरून असा कडाकड फोडायचा की ओसरीवर आवाज यायचा.

त्या रविवारी अण्णांनी नळी ठेवली. वाघोजीनं हुंगली, आणि मान फिरवली.

बारा वाजले. वाघोजी खाईना. कसं खाणार? आणि त्यानं तोंड लावल्याशिवाय आम्ही कसे खाणार? एक वाजला. मटणाचा वास घरभर, भात निवतोय, रस्सा थिजतोय. अक्कांनी त्याची समजूत घातली, "वाघोजीराव, एक घास, राजा, एकच." अण्णांनी देवाची माफी मागितली. बाबा भिंतीला टेकून उभे, पण आता जरा वाकलेले. दीड वाजता अण्णा उठले. "आण विळा. आधी डाग देऊ, मग खाईल."

आणि माझं डोकं चाललं. शिकलेलं सगळं बाजूला ठेवलं, या घरात ते नाणं चालत नाही. मी अगदी गरीब चेहऱ्यानं म्हटलं, "सरी अण्णा, तुम्ही म्हणाल तसं. पण डाग दिल्यावर तोंड भाजेल, मग तो आठवडाभर खाणार नाही. पुढच्या रविवारीही नाही. आपण काय करायचं?"

अक्कांनी एकदा पातेल्याकडे बघितलं, एकदा अण्णांकडे, आणि म्हणाल्या, "अण्णा, डॉक्टर बोलावतात म्हणे हल्ली लोक, जनावरांना."

दोन वाजता आम्ही जटक्यात, म्हणजे इकडच्या टांग्यात. अण्णा, मी आणि अण्णांच्या मांडीवर वाघोजी. बसवनगुडीत डॉक्टर कृष्णमूर्तींच्या घरापुढेच त्यांचा दवाखाना. त्यांनी गाल बघितला आणि सरळ ओठाला हात घातला. अण्णांनी त्यांचं मनगट धरलं. "थांबा. हे देवाचं तोंड आहे. तुमचं दैवत कोणतं?" मला वाटलं, संपलं. मी अण्णांच्या मागे उभी, डॉक्टरांकडे बघून नुसते हात जोडले. डॉक्टरांनी चष्मा पुसला, माझ्याकडे बघितलं, वाघोजीच्या डोळ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मैलारलिंग."

आता मैलार म्हणजे कन्नड लोकांचा खंडोबाच. अण्णांचा चेहरा असा उजळला. "मग घाला हात. घरचाच माणूस."

आणि तोंड उघडलं. बघायला भिंगसुद्धा लागलं नाही. वरच्या जबड्यातली मोठी दाढ उभी चिरलेली, एक कपची निघून लोंबतेय, भोवती पू. डॉक्टर म्हणाले, "हिची मुळं वर डोळ्याखालपर्यंत जातात. आत पू साठला की गाल फुगतो. हाड फोडताना चिरते ही. हाडं देता का?" अण्णा छताकडे बघायला लागले. बाबांची सवय कुठून आली ते मला त्या दिवशी कळलं.

इंजेक्शन देऊन झोपवलं, दाढ काढली. तीन मुळांची. अण्णा बाहेर बाकावर भंडारा मुठीत धरून बसले होते, आणि खरं सांगते, तेव्हा मात्र ते मला जरा म्हातारे वाटले. डॉक्टर हात धुताना मला हळूच म्हणाले, "आमचं दैवत तिरुपतीचं. पण दर घरात एक अण्णा असतात हो. दोन दिवस उशीर झाला असता तर डोळा गेला असता." मग अण्णांना मोठ्यानं सांगितलं, "आता हाड बंद. कायमचं. मऊ भात, मटण शिजवून कुस्करून. तिखट नाही, मीठ नाही."

वाघोजी आता छान आहे. गाल उतरला, डोळा टपोरा उघडा. दाढ देवघरात, चांदीच्या वाटीत. सगळं छान आहे. फक्त... तो नियम. जे त्याच्या ताटात तेच आमच्या ताटात. अण्णांनी सांगितलं, देवाला एक न् घरच्यांना एक असा भेदभाव चालायचा नाही. तेव्हापासून दर रविवारी आम्ही सगळे मऊ भात आणि कुस्करलेलं मटण खातो. अळणी. बिनतिखटाचं. अण्णा दोन-दोनदा मागून घेतात, म्हणतात, इतक्या वर्षांत असं पोटभर जेवलो नव्हतो. बाबांना नळी फार आवडायची हो. पण त्यासाठी त्यांनी तोंड उघडलं का? नाही.

आणि वाघोजी? तो ताटातला एक घास घेतो, आमची जेवणं अडू नयेत एवढ्यापुरता, आणि कुंपणाखालून चंद्राबाईंकडे जातो. त्या त्याला नाचणीचा मुद्दा, म्हणजे उकडलेल्या पिठाचा गोळा, झणझणीत रश्श्यात बुडवून घालतात. मला इथपर्यंत वास येतो. त्याला कोणी काही म्हणत नाही. तो देवाचा आहे, कुठेही जेवेल. मी पडले घरची.