टोचणारी सीट

...तुटलेला नाही हो आरसा, काढलाय मी. पुढचं मडगार्डही मीच काढलं, मागचं अर्धं कापलं — इंडिकेटर, डिकी, स्पीडचा काटा, सगळ्याला रजा! जुनी माणसं अशीच गाडी बनवायची — जे गाडीला पळवत नाही ते गाडीवर नको. मग उरतं काय? इंजिन, दोन चाकं आणि आपण! जाहिरातीत लिहिलं नव्हतं? ती बायकोनं दिलीय ना. ‘गाडी विकणे आहे’, बस्स. वर म्हणते, शेडमध्ये जागा अडते. जागा अडते म्हणे!

खरं सांगू? तुम्ही भले दिसता म्हणून सांगतो — घेऊ नका. मागचे शॉकअॅब्सॉर्बरसुद्धा काढलेत, फ्रेम सरळ वेल्डिंग करून टाकलीय. त्यानं काय होतं? दिसायला अशी देखणी होते की बघत राहावं — आणि खड्ड्यात गेली की ब्रह्मांड आठवतं. नाही नाही, माझी कंबर गाडीमुळे नाही गेली. डॉक्टर म्हणतात तसं, पण डॉक्टरांना काहीतरी म्हणावंच लागतं. चालवतो की! म्हणजे — सध्या नाही. सध्या बायकोच्या स्कूटरवर मागे बसून कामाला जातो. हसू नका. मागची सीट कापली तेव्हा म्हणाली, “मग मी कुठं बसू?” मी म्हटलं, असल्या गाडीला मागची सीट नसतेच. दुसऱ्या दिवशी ती सरळ स्कूटर घेऊन आली. आता खड्डा दिसला की भर रस्त्यात ओरडते, “घट्ट धरा!” — आणि धरतो मी, काय करणार? पण सुट्टीच्या दिवशी इथं येतो, हिला पुसतो, किक मारून नुसता आवाज ऐकत उभा राहतो. तेवढंच तर माझं म्हणून राहिलंय हो. तेही बायकोला बघवत नाही.

बसून बघायचंय? खुशाल बसा! पण टोचेल, आधीच सांगतो. ती सीट माझ्या मापाची — ओल्या मातीच्या गोळ्यावर स्वतः बसलो, लेंगा घालून, माती सुकेपर्यंत. बायको दारात उभी राहून पोट धरून हसत होती. त्या साच्यावर पत्रा ठोकला, चामडं चढवलं. मेहुणा बसला, बसल्या बसल्या कण्हत उतरला. परवाचं गिऱ्हाईक तर लंगडतच गेलं. दुसऱ्या कुणाला बसायचीच नाही ती... टोचतंय ना? नाही? जरा मागे सरका. तिथंही नाही? आता पुढे — थांबा, हलू नका, बघू दे. अहो, इतकी कशी बसली तुम्हाला?... तो हात ठेवू नका टाकीवर. मी ठेवतो तसाच काय ठेवताय?

उतरा. उतरा म्हणतोय ना! जास्त पैसे देताय तर ठेवा तुमच्याकडेच, विकायची नाही मला. चला, निघा — आणि फाटकात बायको विचारेल, तिला सांगा, फार टोचली म्हणून.