केरबांचं नाव, निवासचं दुकान

मंडळी, एक प्रश्न विचारतो — उत्तराची घाई नको! गुरूचं नाव घ्यावं, हे सगळेच सांगतात. पण त्या नावावर शिष्यानं आपलं दुकान चालवलं तर? पुण्य, की चोरी? माना हलवू नका, आधी ऐका!

कराडात निवास सातपुते म्हणून एक तबला-पखवाज बनवणारा. शिकला केरबा व्हटकरांच्या हाताखाली. तबल्यावरची काळी शाई कशी घोटायची, चामड्याची वादी किती ताणायची — सगळं केरबांचं! केरबांची नजर अधू झाली, तसं निवासनं जवळच वेगळं दुकान थाटलं. वेबसाइट काढली. फोटो झकास! पण तिकडे काळं कुत्रं फिरकेना!

मग त्यानं जाहिरात लावली. ही जाहिरात कशी, ठाऊक आहे? लोक इंटरनेटवर एखादा शब्द शोधतात, आपलं दुकान वर दिसतं. नुसतं बघितलं तर फुकट! बोट लावलं, की आपल्या खिशातून पैसे गेले! शब्द मात्र आपण निवडायचा. निवासनं निवडला 'तबला'. बोटं लावली कुणी? शाळेच्या प्रोजेक्टला चित्र हवं असलेल्या पोरांनी! — आमच्या कीर्तनातले पखवाजवाले बुवा हसतायत बघा!

निवास विचारात पडला. खरं गिऱ्हाईक शोधतं काय? 'केरबा व्हटकर'! ते नाव टाइप करताना सवयीनं त्याचा हात कानाच्या पाळीला गेला. गुरूचं नाव ना! आणि मंडळी, त्याच हातानं त्यानं ते नाव जाहिरातीचा शब्द म्हणून घातलं!

दुकान जोरात चाललं. केरबांची पायरी ओस पडली.

एके सकाळी केरबा स्वतःच निवासच्या दारात! "लेका, गिऱ्हाईक का येईना, कळंना झालंय. हात थरथरतोय म्हणत असतील. तुझ्या मोबाईलात माझं नाव कुठं हाय का, बघ की जरा."

निवास मोबाईल खिशात सारू लागला. "अण्णा, नंतर बघू..."

"आत्ता बघ की!"

टाकलं नाव. वर काय आलं? 'सातपुते वाद्यालय'! केरबांनी मोबाईल डोळ्यांशी नेला. "हे तर तुझं दुकान!"

निवासला वाटलं, आता कानाखाली बसणार. बसली असती तर बरं झालं असतं हो! पण म्हातारा हसला! "माझं नाव टाकलं की तू दिसतोस व्हय? मशीनलाबी ठावं हाय, माझ्यामागं तूच. आनखी काय पायजे मला?"

निवास शरमेनं मेला. मान वर होईना. "अण्णा, मशीनला काही ठाऊक नाही. पैसे भरून मीच तुमचं नाव लावलंय."

केरबा उठले, चपला शोधल्या, पायांत घातल्या. "मागितलं असतंस तर दिलं असतं रे," एवढंच बोलले.

त्याच दिवशी निवासनं जाहिरात बदलली. आता ते नाव टाका, केरबांचं दुकान दिसतं. बोट लावा, पैसे निवासचे जातात. पण गुरूचं नाव निघालं की बाकीचे कानाला हात लावतात — निवासचा हात वर जात नाही. लाज वाटते त्याला, अजून वाटते!

निवासला हसलात ना? आता जरा वर बघा! या देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर कुणाची नावं आहेत? फरशीवर कुणाची? देवाचं नाव घेतलं की आधी कोण दिसतं — देव, की आपण? खाली का बघताय? घ्या आता त्याचं नाव, मोठ्यानं घ्या — आणि स्वतः जरा बाजूला सरका!