कौसाने मिश्री सोडली

सायखेड्याच्या स्टँडवर विमलाबाई मास्तरीण नाशिकच्या गाडीची वाट पाहत होत्या. अठ्ठ्याहत्तर सालचा जून होता. बाकावर शेजारी सरुबाई आपल्या भाचीला, कौसाला, पोचवायला आली होती. पोर नर्सिंग शिकायला निघाली होती. विमलाबाईंनी पेपर उघडला खरा, पण वाचला नाही.

सरुबाईने भाजल्या तंबाखूच्या मिश्रीची डबी पुढे केली.

"घे, जरा मिश्री लाव. प्रवासात बरं वाटतं."

"नको मावशे. सोडली मी."

"कधी?"

"आईचा दहावा झाला त्या दिवशी."

"आपल्या घरात समद्या बाया लावतात, कौसे. तुझी आजी लावायची."

"आजी बी आईसारखी गालाच्या जखमेनंच गेली ना?"

"ते नशीब. बरं, दादाला काय सांगू? त्यानं पोरासाठी तुला कवाच धरून ठेवलीय."

"मामाला सांग, कौसाला लगीन नको, नर्स व्हायचंय."

"लय धीट झालीस गं!"

"सहा महिने आईच्या उशाशी बसले मावशे. भ्या तिथंच सरलं."

सरुबाईने डबी कमरेला खोचली. गाडी फाट्यावर दिसली तशी ती हळूच बोलली.

"तू शिकणार त्या दवाखान्यात बायांचं तोंड बघतात का गं?"

"बघतात की. का?"

"महिना झाला, तिखट खाल्लं की गाल झोंबतो."

"आ कर बरं."

"इथं? लोक बघतात."

"बघू दे."

कौसाने नीट पाहिलं आणि मावशीचा हात धरून तिला उठवलं.

"चल."

"अशीच? या लुगड्यावर?"

"अशीच."

गाडीत विमलाबाईंनी सरकून जागा केली. सरुबाई खिडकीशी बसली.

"दोन नाशिक द्या," कौसा कंडक्टरला म्हणाली.