अस्वलाचं माप

शिंप्याच्या दुकानात एक कारकून आपली पँट कागदात गुंडाळून नंबर यायची वाट पाहत उभा होता. त्याच्या पुढे एक आजोबा होते आणि अस्वलाच्या पोशाखात बुडालेली त्यांची नात.

"अहो मास्तर, यात हिच्यासारख्या तिघी मावतील!"

"तुम्हीच म्हणालात, अस्वल शिवा. मग अस्वल अस्वलाएवढं नको?"

"उद्या नाटक आहे. पोशाख बसला नाही तर बाई अस्वलाचं काम वर्गातल्या ढोल्याला देणार."

"त्याला मात्र झकास बसेल."

"मास्तरकाका, तुम्ही कुठलं अस्वल शिवलंत?"

"कुठलं म्हणजे? तपकिरी."

"हो, पण राहणारं कुठलं? समुद्रकाठची मासे खाऊन खाऊन धिप्पाड होतात. डोंगरातली मात्र मुळं आणि किडे खातात, ती त्यांच्या निम्मीसुद्धा भरत नाहीत. जात एकच."

"आणि तू?"

"मी डोंगरातली."

"बाईंपुढे हेच बोलली, म्हणून तर काम मिळालं."

"मग आजोबा, हे आधी नाही का सांगायचं? आता समुद्रकाठचं अस्वल कापून डोंगरावर चढवायचं म्हणजे... काढ बाळ, आण इकडे. संध्याकाळी न्या."

"नक्की बसेल ना?"

"नाही बसलं तर मी स्वतः अस्वल होऊन येतो!"

नात अशी गुरगुरली की मास्तरांच्या ओठांतली टाचणी खाली पडली.

"बोला साहेब, तुमचं काय?"

कारकुनाने हळूच कागद उलगडला. "पँट जरा कमरेत सैल करायचीय. दोन इंच. बरं, तीन करा."

"आजोबा, हे काका समुद्रकाठचे!"