नेड्राच्या सीटखालची पिवळी पट्टी

— नाही हो, तुमच्या गाडीतून नको, येतीलच माझ्या दोघी मैत्रिणी. आणि या तीन सायकली कोण सांभाळणार? तुम्ही बसा निवांत, कुत्र्याला पाणी द्या आधी — जीभ बघा केवढी बाहेर आलीय त्याची. झालंय काय, किल्ली वर राहिली. ही पांढरी गाडी माझी. सकाळी ती इथे खाली लावली, मग तिघी नेड्राच्या निळ्या गाडीतून वर कड्यावर गेलो आणि तिथून सायकलींवर खाली — दिवसभर नुसता दगड, हाडं खिळखिळी झाली — आणि इथे येऊन बघते तर काय, माझी किल्ली नेड्राच्या गाडीत, वर! हसू नका, इथे मोआबला सायकल घेऊन येणाऱ्या प्रत्येकाच्या हातून हे एकदा तरी होतंच. मग काय, नेड्रा आणि लोरेटा एका ट्रकवाल्याला हात दाखवून गेल्या वर. जाताना नेड्रा म्हणाली, ‘फ्रान, डोकं तरी आणलंयस ना डेन्व्हरहून?’ बोलू दे, तिचं मी मनावर घेत नाही. जन्मभर नर्स होती, तिला सगळं जग पेशंटच वाटतं.

गुडघा? काही नाही, खरचटलंय जरा. पायरीवरून पडले. या खडकात पायऱ्या असतात ना — कुठे वीतभर, कुठे पार कमरेएवढ्या, आणि वरून सगळ्या सारख्याच दिसतात. म्हणजे मला दिसतात. वाट कळावी म्हणून दगडावर पांढरे पट्टे रंगवलेत, ते दिसतात मला, अगदी स्वच्छ, पण पट्ट्याच्या पुढे दगड किती खाली गेलाय ते — ते असू दे. मी आपली नेहमी नेड्राच्या मागे असते. ती बघा, झुडपाला टेकवलेली तिची सायकल, सीटखाली पिवळी पट्टी आहे ना? मीच बांधली. म्हटलं, लांबून ओळखू येशील. पट्टी जराशी खाली गेली की समजायचं, छोटी पायरी. एकदम दिसेनाशी झाली की मी उतरते आणि चालत जाते — विचारलं तर सांगते, फोटो काढत होते. दगडांचे इतके फोटो आहेत माझ्याकडे, कुणाला दाखवू? आज लोरेटा मध्येच घुसली, म्हणे रोज मीच का शेवटी. झालं. तिच्या सीटखाली कुठली पट्टी? पडले. नेड्रा धावत आली, गुडघ्याकडे बघितलंच नाही तिने, माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग पाणी दिलं. ती अशी बघायला लागली की मला भीती वाटते.

तुमचा कुत्रा असा काय उठला? मगाशी पण उठला होता. आवाज? कसला आवाज — अहो, तो माझा खिसा आहे, काय हुंगतोय — बरं. बरं बाबा, हुशार आहेस. हो, किल्लीच आहे. वाजली की त्याला वाटतं गाडीत बसायचंय. नाही, आत्ता सापडलेली नाही. सकाळपासून इथेच आहे. असं बघू नका माझ्याकडे, मी वेडी नाही. रोज ठरलेलं असतं, खाली उतरलो की मी या दोघींना माझ्या गाडीतून वर न्यायचं, निळी गाडी आणायला. तो रस्ता बघितलाय ना तुम्ही? एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, आणि ऊन असं उतरलं की डावा डोळा नुसता धुरकट. काल वळणावर मी गाडी भलतीच बाहेर घेतली. चाकाखाली खडी वाजली. लोरेटा शेजारी झोपली होती, तोंड उघडं टाकून, इतकी निर्धास्त — रात्रभर मला तेच दिसत होतं. गुडघा दुखतोय म्हणून सांगता आलं असतं, पण नेड्राने तो तिथल्या तिथे तपासला असता. आणि खरं सांगितलं तर पुढच्या वर्षी मला कोण आणणार? बाकीचं वर्ष मी कसं काढते माहितीये? याच आठवड्याकडे बघून. या वयात तुम्हाला कोण ‘चल गं, दगडात मरायला जाऊ’ म्हणतं? या दोघीच म्हणतात.

धूळ दिसतेय का तिकडे? गाडी आहे ना? रंग सांगा हो — मला नाही कळत इतक्या लांबून. निळी? नक्की? बापरे, किल्ली न मिळाल्यामुळे नेड्राचा चेहरा कसा झाला असेल. हरवली म्हणून सांगायचं ठरवलं होतं. वाटेत कुठेतरी पडली, म्हणणार होते. पण तुम्हाला सांगून बसले की मी, तुमचं नावही माहीत नाही मला, आणि ज्या माझ्या गाडीत झोपतात त्यांना —

निघा तुम्ही आता. नाही, खरंच निघा, कुत्र्याला घेऊन. तुमच्यासमोर नाही जमायचं मला. जा हो!

नेड्रा, ओरडू नकोस. ही घे किल्ली. माझी गाडी तू चालव. आजच्यापुरतं नाही गं — आता कायमच.