बाटलीची सवय

लसीकरणाच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी एक सासू-सून बसल्या होत्या. बाळ सासूच्या मांडीवर होतं.

"आई, बाटलीने नीट पितो ना आता?"

"पितो की. आधी नुसती रडायचीस, त्याला हात लावत नव्हतीस. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. आता कशी सावरलीस."

"दूध कोमट लागतं त्याला. यांनाही शिकवलंय. काल यांच्याजवळ झोपला, माझ्याशिवाय."

"कामावर रुजू व्हायचं ठरवलंस वाटतं?"

"नाही."

"मग माहेरी जायचंय?"

"तिथेही नाही."

"मग एवढी घाई कसली गं?"

"थकलेय मी. झोपून उठले तरी थकलेलीच असते. तो रडला की वाटतं, दुसरी कुणी आई असती तर गप्प बसला असता."

"काहीतरीच. बाळंतपणानंतर सगळ्यांनाच असं होतं. मी चार पोरं वाढवली, मला कुणी विचारलं होतं?"

"आई, इतकी लहान मुलं माणूस विसरतात का?"

"दोन दिवसांत विसरतात. त्यांना कुठलं काय कळतंय."

"बरं असतं नाही ते?"

आतून नर्सने हाक मारली.

"बाळाला आईच्या मांडीवर द्या. टोचलं की आईच लागते."

"त्यांच्याकडेच राहू द्या, सिस्टर. पुढच्या वेळीही त्याच आणतील."

"बघा सिस्टर, किती विश्वास टाकते माझ्यावर."